गावच्या नाटकांची वेबसाइट गावानेच बनवावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जत्रांचा सीझन सुरू झाला की आपल्या पेपरात रोज त्या छोट्या छोट्या बातम्या यायला लागतात, आज अमुक गावात रात्री दहा वाजता संगीत नाटक, उद्या तमुक देवळाच्या मांडवात ऐतिहासिक नाटक, दिग्दर्शक कोण, ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण, आणि मी त्या सगळ्या वाचते, ज्या गावात कधी पाऊल टाकलं नाही त्या गावाच्या पण. दुसऱ्या दिवशी तो पेपर रद्दीत जातो आणि ती नावंही जातात. आमच्या गोव्यातली उत्सवी रंगभूमी म्हणतात ती हीच, दिवसभर बागायतीत नाहीतर ऑफिसात राबून रात्री तालमीला येणारी माणसं. कला अकादमीच्या स्पर्धेतल्या नाटकांची निदान कुठेतरी नोंद राहते, जत्रेच्या नाटकाची कोण ठेवतंय? आम्ही आमच्या गावापुरतं यावर एक काम केलंय आणि ते कुठल्याही गावाला जमण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं म्हणून हे पत्र. लांबलंय, पण जमल्यास पूर्ण छापावं.

मी फोंडा तालुक्यात राहते, पणजीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते आणि गावच्या वाचनालयाची सेक्रेटरी आहे. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर टॅली आणि एक्सेल, एवढंच. हे मुद्दाम आधीच सांगते कारण वेबसाइट म्हटलं की लोकांना वाटतं इंजिनिअर पाहिजे.

सहा वर्षांपूर्वी आमच्या कमिटीने वर्गणी काढून एकाकडून वेबसाइट करून घेतली होती. दिसायला छान होती, वर फोटो फिरायचे, देवळाचा, तळीचा, वाचनालयाचा. मी दोन महिने रात्री बसून गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून जुन्या नाटकांची यादी थेट त्या साइटवर टाइप केली, कुठल्या साली कुठलं नाटक, कोणी काय काम केलं. दुसऱ्या वर्षी रिन्यूअलचं बिल आलं, आम्ही भरलं. तिसऱ्या वर्षी तो माणूस फोन उचलेना. मग एक दिवस साइट उघडून बघते तर देवळाच्या फोटोखाली कसल्यातरी औषधांच्या इंग्रजी जाहिराती, महिन्याभरात ती पण बंद पडली. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्या नावावर, होस्टिंग, म्हणजे साइट जिथे ठेवतात ती जागा, त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडे आणि बॅकअप कुणाकडेच नाही. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण ज्यांनी मला तोंडी सांगितलं होतं त्यातले दोघे आज हयात नाहीत. ती माहिती आता मी कोणाला विचारू?

असं का झालं ते मला नंतर कळलं. ती साइट वर्डप्रेस नावाच्या, वेबसाइट बनवायच्या तयार प्रोग्रॅमवर होती. वर्डप्रेस वाईट नाही, जगभर चालतं, पण त्या प्रकारात कोणीही पान उघडलं की सर्व्हरवर, म्हणजे साइट ठेवलेल्या कॉम्प्युटरवर, एक प्रोग्रॅम चालतो, तो डेटाबेसला, म्हणजे माहितीच्या कोठाराला, विचारतो, तिथून मजकूर काढतो, पान जुळवतो आणि मग पाठवतो, दर वेळी नव्याने. तो प्रोग्रॅम आणि त्याच्या सोबतचे प्लगिन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, सतत अपडेट करत राहावे लागतात, नाही केले की भोक पडतं आणि कोणीतरी त्यातून आत शिरतं. न्यूज पोर्टलला हे सगळं लागत असेल, पण आमच्या गावचं १९७८ सालचं नाटक झालं ते झालं, ते दर मिनिटाला बदलत नाही, मग त्याचं पान दर वेळी नव्याने कशाला बनवायचं?

त्याला उत्तर म्हणजे स्टॅटिक वेबसाइट. पान एकदाच बनवायचं, घरच्या कॉम्प्युटरवर, आणि तयार पान सर्व्हरवर ठेवायचं, सर्व्हरचं काम मागेल त्याला ते उचलून देणं, बस. डेटाबेस नाही, बाहेरच्यांसाठी लॉगिनचं पान नाही, त्यामुळे त्या वाटेने कोणी आत शिरायचा प्रश्न राहत नाही. यात नवीन काही नाही, टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जगातली पहिली वेबसाइट लोकांसमोर ठेवली ती अशीच साध्या पानांची होती आणि ती पानं आजच्या मोबाइलवर पण उघडतात.

प्रश्न एवढाच की चाळीस-पन्नास पानं हाताने बनवायची म्हणजे प्रत्येकात तेच डोकं, तोच तळ, तोच मेनू परत परत, आणि वाचनालयाचा फोन नंबर बदलला की सगळ्या पानांत जाऊन बदला. हा प्रश्न कसा सुटतो ते मला माझ्या भाच्याने दाखवलं, तो बारावीला आहे, आणि ते त्याने कॉम्प्युटरवर नाही दाखवलं, माझ्या थोरल्या काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेवर दाखवलं.

काकांनी तीस वर्षं गावच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग केलं. जुनी यादी गेल्याचं ऐकून त्यांनी माळ्यावरून ती ट्रंक खाली काढली, आत १९७१ पासूनची हँडबिलं, थोडी वाळवीने खाल्लेली, थोडी पावसाच्या दमटपणाने एकमेकांना चिकटलेली. पातळ गुलाबी नाहीतर पिवळा कागद. कडेला वेलबुट्टीची चौकट, वर मधोमध देवाचं नाव आणि पुढे प्रसन्न, खाली मंडळाचं नाव आणि सादर करीत आहे, मग ठसठशीत टायपात नाटकाचं नाव, त्याखाली दोन कॉलमात पात्रं आणि कलाकार, तळाला छापखान्याचं नाव. आम्ही ती सोप्यावर वर्षाच्या क्रमाने मांडली तेव्हा दिसलं की सहा-सात वर्षं ओळीने चौकट तीच आहे, वेलबुट्टीतला एक तुकडा उजव्या कोपऱ्यात तुटलेला, तो सुद्धा दर वर्षी तिथेच तुटलेला. काका म्हणाले, प्रेसवाला ती चौकट बांधूनच ठेवायचा रे, आम्ही गेलो की मधले छपाईचे खिळे तेवढे बदलायचा. भाचा म्हणाला, मावशी, टेम्पलेट म्हणजे हेच. चौकट एकदा बांधायची, आतला मजकूर बदलत राहायचा.

त्या दिवसापासून मला हा विषय कधी अवघड वाटला नाही.

असे टेम्पलेटवरून पानं बनवणारे प्रोग्रॅम बरेच आहेत, जेकिल २००८ पासून आहे, इलेव्हन्टी आहे, आम्ही घेतला ह्युगो, २०१३ साली स्टीव्ह फ्रान्सिया यांनी सुरू केलेला. तो घेण्याचं कारण साधं, तो एकच फाइल आहे, आणि आमच्या वाचनालयाच्या जुन्या लॅपटॉपवर बाकी काही न टाकता चालला. पैसे लागत नाहीत. त्यात एका नाटकाला एक टेक्स्ट फाइल. फाइलच्या वर प्लसची तीन चिन्हं, मग नाटकाचं नाव, तारीख, दिग्दर्शक असं एकेका ओळीत, परत प्लसची तीन चिन्हं आणि त्याखाली मजकूर, तो मार्कडाउन नावाच्या पद्धतीने लिहायचा, म्हणजे हेडिंगच्या आधी हॅशचं चिन्ह, यादीतल्या ओळीआधी छोटी रेघ, शिकायला एक संध्याकाळ पुरते. आणि चौकट म्हणजे टेम्पलेटची वेगळी फाइल, तिच्यात जिथे नाव यायला पाहिजे तिथे दोन दोन महिरपी कंसांच्या मध्ये डॉट टायटल असं लिहून ठेवायचं, जिथे मजकूर यायला पाहिजे तिथे तसंच डॉट कंटेंट. सगळ्या नाटकांच्या यादीचं पान हाताने लिहायचंच नाही, टेम्पलेटमध्ये रेंज म्हणून शब्द आहे, त्याचा अर्थ फोल्डरमधली प्रत्येक फाइल एकेक करून घे आणि तिची एक ओळ छाप, संपलं की एंड. एक कमांड दिली की एका सेकंदाच्या आत सगळी पानं पब्लिक नावाच्या फोल्डरमध्ये तयार पडतात. नवीन वर्षाचं नाटक झालं की एक फाइल वाढवायची, यादी आपोआप वाढते. फोन नंबर बदलला तर चौकटीत एकदा बदलायचा.

अडचणी आल्या, त्या सांगते कारण दुसऱ्या कोणाच्या दोन रात्री वाचतील. पहिलंच पान लिहिलं आणि ते साइटवर दिसेचना. नवीन फाइल बनवली की ह्युगो वर ड्राफ्ट बरोबर ट्रू अशी ओळ घालून देतो, ती फॉल्स केल्याशिवाय ते पान प्रसिद्ध होत नाही. ठीक, ते समजलं. मग पुढच्या महिन्यातल्या नाटकाची घोषणा टाकली, ड्राफ्ट फॉल्स आहे तरी पान गायब! अर्धी रात्र गेली त्यात. कारण असं की आम्ही तारखेच्या जागी नाटकाची तारीख घातली होती आणि पुढची तारीख असलेलं पान ह्युगो ती तारीख येईपर्यंत बनवतच नाही, तेव्हा तिथे आजची तारीख द्यायची आणि नाटक कधी आहे ते वेगळ्या ओळीत लिहायचं. पात्रांची यादी मी एकाखाली एक छान टाइप केली होती, राजा, प्रधान, विदूषक, वीस नावं, पानावर आली तेव्हा सगळी एका ओळीत चिकटलेली, कारण मार्कडाउन साधा एंटर धरत नाही, ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्याव्या लागतात नाहीतर आधी रेघ देऊन यादी करावी लागते. आम्ही रेघ घेतली, स्पेस डोळ्याला दिसत नाहीत आणि दुसरा कोणी टाइप करायला बसला की विसरतो.

आणखी एक, ही खास आपल्या लिपीची अडचण. फाइलींची नावं मी हौसेने देवनागरीत ठेवली होती, ब्राउझरमध्ये दिसायची पण सुंदर. पण लिंक कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की टक्के चिन्हांची लांबच लांब माळ व्हायची, कारण देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रा धरून, आत तीन बाइटचं असतं आणि लिंकमध्ये त्या प्रत्येकाची नऊ चिन्हं होतात. लोकांना वाटायचं व्हायरस आहे, कोणी उघडेना. म्हणून आता पत्त्यात फक्त साल ठेवलंय आणि पानावर पूर्ण मराठी. सेटिंगमध्ये भाषा मराठी आहे हे पण सांगावं लागतं, मुळात तिथे अमेरिकन इंग्रजी होतं. दिसायला काही फरक पडत नाही, पण ज्यांना दिसत नाही आणि मोबाइलकडून वाचून घेतात त्यांच्यासाठी ती ओळ महत्त्वाची.

पुढची हँडबिलं खिळ्यांची नाहीत, डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर जुळवलेली आहेत. एका छापखान्याने मोठ्या मनाने त्यांच्याकडच्या जुन्या फाइली दिल्या, पण त्या जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमधल्या, युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींची अक्षरं कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच दिसतील अशी पद्धत, यायच्या आधीच्या, कॉपी केलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्या मी कागदावर बघून परत टाइप केल्या. हे करताना सारखं मनात यायचं की भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आपल्या गोव्यात आला आणि तरीही फादर थॉमस स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापावं लागलं ते रोमन लिपीत, देवनागरी खिळे नव्हते म्हणून. आज युनिकोड आहे, नोटो, मुक्ता असे चांगले देवनागरी फाँट फुकट आहेत, आपल्या गावाचं आपल्या लिपीत लिहून ठेवायला आता कुठलीच आडकाठी नाही.

खर्चाचं म्हणाल तर तयार पानं आम्ही गिटहब पेजेस नावाच्या होस्टिंगच्या सेवेवर ठेवलीत, पैसे नाहीत, साइट १ जीबीच्या आत ठेवायची एवढी अट, आणि आमची फोटो धरून ४० एमबी पण होत नाही. फोटो मात्र लहान करून घालायचे, मोबाइलचा एक फोटो ४-५ एमबीचा असतो, रुंदी १२०० पिक्सेल केली की २०० केबीच्या आसपास येतो आणि हँडबिलावरची अक्षरं तरी वाचता येतात. जूनमध्ये पाऊस धरला की आमच्याकडे नेटवर्क एका दांडीवर येतं, सत्तरी तालुक्यातल्या लोकांना तर विचारूच नका, तिथे पण हलकं पान उघडतं. गिटहबवर दुसरा एक फायदा मला आधी माहीत नव्हता, कोणी कधी काय बदललं त्याचा सगळा इतिहास राहतो, चुकून काही पुसलं तरी परत आणता येतं. सगळा फोल्डर वाचनालयाच्या कपाटात एका पेनड्राइव्हवर आहे आणि दुसरा भाच्याकडे. उद्या गिटहब बंद झालं तर तोच फोल्डर दुसरीकडे नेऊन ठेवायचा.

याने सगळंच होतं असं मी म्हणणार नाही. देवस्थानाला अभिषेकाचं ऑनलाइन बुकिंग, देणगी, पावती असं पाहिजे असेल तर नुसती स्टॅटिक साइट पुरत नाही, त्याला दुसरी सेवा जोडावी लागते आणि त्यासाठी जाणकार माणूस घ्यावा. पण वाचनालय, नाट्यमंडळ, भजनी मंडळ, बायकांच्या धालो नाचाचा मांड, शाळेचा जुना विद्यार्थी संघ, या सगळ्यांना माहिती ठेवायचीय आणि दाखवायचीय एवढंच. त्यांनी वर्षाला हजारो रुपये का भरावेत?

आणि फेसबुक आहे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, मग वेबसाइट कशाला असं मला कमिटीतच विचारलं गेलं. मी म्हटलं, तीन वर्षांपूर्वीच्या नाटकाचा फोटो ग्रुपमध्ये शोधून दाखवा. मोबाइल बदलला तेव्हा गेला, हेच उत्तर आलं.

कमिट्यांना माझी हात जोडून विनंती, तुम्ही स्वतः करा नाहीतर पैसे देऊन करून घ्या, पण डोमेन संस्थेच्या नावावर घ्या, त्याला दिलेला ईमेल संस्थेचा असू दे, सेक्रेटरीचा वैयक्तिक नको, माझा पण नको, मी उद्या नसेन, आणि काम झाल्यावर सगळ्या फाइली ताब्यात घेतल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका. संस्थांना अनुदान देणारी जी खाती आहेत त्यांनीही वेबसाइटसाठी पैसे देताना हीच अट घालावी. आणि शाळांमधून हल्ली कोडिंग शिकवतात, तिथल्या शिक्षकांनी मुलांना एकदा गावातल्या एखाद्या संस्थेची साइट करायला द्यावी. माझ्या भाच्याला पुस्तकातला लूप, म्हणजे तेच काम परत परत करायला लावणारी आज्ञा, पाठ होता, पण रेंजमधून १९७१ ते आजपर्यंतची नाटकं एकाखाली एक पडलेली बघून तो खुर्चीतून उठला आणि आजोबांना, म्हणजे माझ्या काकांना, हाताला धरून स्क्रीनपाशी घेऊन आला. काका चष्मा वर-खाली करत ती यादी बोटाने मोजत होते. मधेच थांबून म्हणाले, हे बघ, ह्या साली पाऊस पडला होता, दुसरा अंक देवळात केला. ते वाक्य आता त्या पानावर आहे.

गेल्या चवथीला सुट्टीवर आलेला एक तारवटी मुलगा वाचनालयात आला. बोटीवर असताना त्याने आमची साइट उघडली होती. १९८१ च्या हँडबिलावर प्रधानाच्या नावापुढे ज्यांचं नाव छापलंय त्यांना ऐनवेळी ताप आला होता आणि ते काम त्याच्या वडिलांनी केलं होतं, त्याच्या आईने त्याला सांगितलेलं. काकांना विचारलं, त्यांना आठवत होतं, खरं आहे म्हणाले. आम्ही त्याच्यासमोर ती फाइल उघडली, एक ओळ घातली, सेव्ह केली, दोन मिनिटांत त्याच्या मोबाइलवर वडिलांचं नाव आलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने स्क्रीनशॉट काढून आईला पाठवला.

१९८४ आणि १९८५ ची हँडबिलं आमच्याकडे नाहीत, काकांच्या ट्रंकेत ती दोनच सालं रिकामी आहेत. फोंड्याच्या आसपास कुणाच्या कपाटाच्या तळाला, देवघरातल्या फळीवर अंथरलेली, जुन्या पोथीत खूण म्हणून घातलेली अशी हँडबिलं असतील, कुठल्याही गावची असोत, तर पावसाच्या आधी बाहेर काढून त्यांचे उजेडात फोटो काढून ठेवा. आमच्या गावची निघाली तर वाचनालयाचा पत्ता मी या पत्रासोबत आपल्या कार्यालयात दिलेला आहे, विचारणाऱ्याला तो द्यावा ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, तालुका फोंडा